ठोके ऐकू येतात तोवर

लहानपणी आईचं बोट धरून जुन्या नाशकात जायचे तेव्हा तांबट लेन दिसायच्या आधी ऐकू यायची. दारादारात माणसं बसलेली, पुढ्यात हंडा नाहीतर घंगाळ, आणि ठोक्यावर ठोका. आई काहीतरी सांगायची, ते ऐकू यायचं नाही, मग ती हाताने खूण करायची. गेल्या श्रावणात भाचीला घेऊन त्याच बोळात गेले. ती थांबली आणि म्हणाली, "मावशी, इथेच ना? मग आवाज कुठाय?" दोघी कान देऊन उभ्या राहिलो. एका दारातून ठोके येत होते. एकाच.

त्या एका दारासाठी हे लिहिते आहे. आणि येवल्यातल्या त्या मागांसाठी, जिथे आम्ही त्याच दिवशी दुपारी पोचलो. माझं मागणं आत्ताच सांगून टाकते. या वर्षी तुमच्या घरात तांब्याचं भांडं किंवा पैठणी येणार असेल, तर ती ज्या हाताने केली त्या हाताकडून घ्या. ते जमणार नसेल तर निदान दुकानदाराला विचारा, हे कुणी केलं? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

त्या दिवसाला निमित्त भाचीच्या लग्नाचं. मार्गशीर्षातला मुहूर्त. तिने फोनवर एक साडी पसंत करून ठेवली होती, 2,200 रुपयांची, खाली लिहिलेलं 'येवला पैठणी'. मोर होता, नारळी काठ होता, रंगही छान. मी म्हटलं, पैसे भरायच्या आधी मला एक दिवस दे. फक्त एक.

तांबट लेनमधले आजोबा सत्तरीच्या पुढचे होते. आम्ही उंबऱ्याशी उभ्या, तर त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "बसा, हे गार व्हायच्या आत संपवतो." मांडीपुढे तांब्याची कळशी होती. तांबं ठोकत गेलं की ताठर होत जातं, आणि तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून ते पुन्हा भट्टीत लाल करायचं, मऊ झालं की पुन्हा ठोकायचं. आकार आला की मग मठारणं. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके बसवत जायचं, वरून खाली, ओळीने, एकही जागा न सोडता. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडं वर्षानुवर्षं चेपत नाही, आणि उन्हात धरलं की अंगावर जी हजार चांदण्यांची चमक दिसते ती त्या ठशांची. भाचीने विचारलं, एका कळशीवर किती ठोके पडतात? आजोबा हसले. "मोजले असते तर वेडा झालो असतो, बाळा. हाताला कळतं."

नाशकात हा धंदा रुजला त्यात गोदावरीचा मोठा वाटा आहे. यात्रेकरू पंचवटीत स्नान करायचे आणि परतताना नदीचं पाणी भरून तोंड बंद केलेली तांब्याची गंगाजळी घरी न्यायचे. पळी-पंचपात्र, ताम्हण, तांब्या, समई असं पूजेचं सगळं सामान घाटापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घडायचं. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल आहे. पुढे स्टील आलं, मग प्लास्टिक. न्हाणीघरातून बंब गेला, त्यामागोमाग घंगाळ गेलं. कल्हईवाला तर कधी यायचा बंद झाला हे आपल्या लक्षातही आलं नाही. नवसागराचा तो धूर, तापलेल्या पातेल्यात कथील फिरवणारा कापसाचा बोळा आणि क्षणात आरशासारखं झालेलं पातेलं हे माझ्या भाचीने पाहिलेलंच नाही.

आता तांब्याच्या बाटल्यांची हौस परत आली आहे. ही आनंदाची गोष्ट ठरायला हवी होती. पण त्यातल्या बहुतेक बाटल्या यंत्रावर ओढलेल्या असतात, आणि ज्यांच्यावर मठारल्यासारखे ठिपके दिसतात त्यांचे ठिपकेही साच्याचेच. ओळखायचं कसं, ते आजोबांनी दाखवलं. साच्याचे ठिपके सगळे सारखे, एकाच खोलीचे. हाताचे ठोके एका ओळीत असतात, तरी एक दुसऱ्याची नक्कल नसतो. डोळे मिटून बोट फिरवलं की कळतं.

"मुलं?" मी विचारलं. विचारायला नको होतं. "एक अंबडला कंपनीत, एक पुण्याला. चांगलं चाललंय त्यांचं." हातोडी खाली ठेवून म्हणाले, "शिकवायला मी आजही तयार आहे, ताई. शिकून पोट भरेल असं मात्र सांगू शकत नाही, म्हणून शीक असंही सांगवत नाही."

तिथून आम्ही घाटावर आलो. नारोशंकराच्या देवळासमोर एक गाईड यात्रेकरूंच्या घोळक्याला घंटेची गोष्ट सांगत होता. घंटेवर 1721 साल आहे, ती पोर्तुगिजांची, 1739 च्या वसईच्या विजयानंतर ती इकडे आणली आणि नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेल्या या देवळावर बसवली. लोक मान वर करून ऐकत होते. त्या घंटेचा मलाही अभिमान आहे. पण दूरदेशी ओतलेल्या घंटेची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, आणि हाकेच्या अंतरावर जो ठोका आजही पडतो आहे त्याच्याकडे एकही गाईड बोट दाखवत नाही, याचं मला त्या सकाळी फार वाईट वाटलं.

येवल्याच्या वाटेवर सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळापाशी फार वेळ थांबता आलं नाही, पण चुकवणार नव्हतेच. यादवकाळातलं हे पंचायतन. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळं. शिखराकडे नीट पाहिलं तर एकावर एक चढत गेलेल्या छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी दिसतात. सगळा दगड काळा, इथलाच. पावसाने कित्येक मूर्तींचे चेहरे पुसले गेलेत, तरी खांबांवरची नक्षी बोटाला लागते. प्रवेशाशी पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आहे. हे संरक्षित स्मारक आहे, नासधूस केल्यास शिक्षा होईल. भाचीने फलक वाचला, आणि मग म्हणाली, "मावशी, तांबट लेनला असा फलक नाहीये." मी काही बोलले नाही. येवल्यापर्यंत तेच वाक्य डोक्यात होतं.

वावी, कोपरगाव करत येवल्यात शिरलो. हे गाव बऱ्याच गोष्टींनी ओळखलं जातं. तात्या टोपे इथले. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथेच. संक्रांतीचे पतंग तर साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. त्या दिवसांत पोरांच्या हातात मांजा गुंडाळायची असारी असते, आणि रेशीम उलगडायचं जे साधन विणकराच्या घरात असतं त्याचंही नाव असारीच. गावाची करमणूक आणि गावाचं पोट एकाच शब्दात. पैठणीला नाव मिळालं ते पैठणचं. गोदाकाठचं ते प्रतिष्ठान सातवाहनांची राजधानी होतं आणि तिथल्या कापडाची ख्याती जुनी. पण विसाव्या शतकात पैठणमध्येच ही कला जवळजवळ विझली आणि सरकारला तिथे केंद्र काढून ती पुन्हा पेटवावी लागली. येवल्यात मात्र साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा घरांनी माग थांबू दिला नाही. शेजारच्या नागडे, बल्हेगाव अशा खेड्यांतही ओसरीवर माग दिसतो.

आम्ही ज्या घरी गेलो ते दोन खोल्यांचं. पुढची खोली पूर्ण मागाने व्यापलेली. विणकर चाळिशीतला, त्याच्या शेजारी पाटावर बायको कांड्या भरत बसलेली. माझी समजूत होती की मागाचं घर म्हणजे खटखट. पण पदर चालू असला की घर जवळजवळ शांत असतं. अंग विणताना धोटा इकडून तिकडे धावतो. पदरावर आलं की धोट्याचा वेग संपतो आणि तिल्ल्यांचं, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्यांचं, काम सुरू होतं. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, मोराच्या गळ्याला एक, पिसाऱ्याला दुसरी, चोचीला तिसरी, मधल्या जरीला आणखी. ताण्याचे धागे बोटांनी मोजायचे, तेवढ्यांतूनच ती तिल्ली ओवायची, शेजारच्या रंगाच्या धाग्याला गुंतवून परत फिरवायची. असं पन्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत केलं की एक ओळ होते, आणि मग फणीचा एक ठोका. सकाळपासून किती झालं, विचारलं तर त्याने अंगठा आणि तर्जनी यांच्यातलं अंतर दाखवलं.

म्हणून साध्या पदराची पैठणी उतरायला तीन-चार आठवडे लागतात, आणि अंगभर बुट्टी, भरगच्च मुनिया-बांगडीमोराचा पदर असेल तर सहा महिने, कधी वर्ष. या काळात हात एकाचे नसतात. कर्नाटकातून आलेलं रेशीम धुऊन त्याची खळ काढायची, रंगवायचं, असारीवर उलगडायचं, कांड्या भरायच्या, नवा ताणा जुन्याला एकेक धागा करून सांधायचा. यातलं निम्मं घरातल्या बाया करतात. "मजुरी साडीवर ठरते, माणसावर नाही," विणकराची बायको म्हणाली. ती त्या दुपारी एवढं एकच वाक्य बोलली. नवऱ्याने पुढचा हिशेब सांगितला. रोजावर काढलं तर बांधकामावरच्या बिगाऱ्याला त्यांच्यापेक्षा जास्त पडतात. आणि ते दोघं आहेत, बिगारी एक.

मग भाचीने फोन काढून तिची 2,200 ची साडी दाखवली. मला वाटलं तो चिडेल. त्याने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून शांतपणे पाहिला. "सेमी आहे. यंत्रमागाची. मोर आमचाच आहे," म्हणाला, "तो तेवढा आमच्याकडून गेला."

या एका वाक्याने मला जाग आली. पैठणीला गिऱ्हाईक कमी झालंय असं आपण समजतो, पण आज महाराष्ट्रात जितक्या बायका स्वतःच्या साडीला पैठणी म्हणतात तितक्या पूर्वी कधीच म्हणत नसतील. टीव्हीवर ती बक्षीस म्हणून मिळते, तिच्यावरच्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, हळदीकुंकवाला पाचांतल्या तिघींच्या अंगावर ती दिसते. मागणी वाढली आणि विणकर मात्र बिगाऱ्याच्या खाली गेला, कारण नाव त्याचं आणि माल दुसऱ्याचा. ज्यांची ऐपत 2,200 चीच आहे त्यांनी ती साडी जरूर नेसावी, मिरवावी. माझं भांडण तिच्या किमतीशी नाही, तिच्यावरच्या चिठ्ठीशी आहे. तिला पैठणी म्हणून विकू नका. आणि ज्यांची ऐपत दहा-पंधरा हजारांची आहे, जे त्या हिशेबाने पैसे मोजतात आणि तरी यंत्रमागाचा माल घरी आणतात, त्यांनी फसू नये.

फसू नये म्हणून विणकराने जे दाखवलं ते इथे सांगते. पदर उलटा करून पाहा. हाताने गुंतवलेल्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच जवळपास स्वच्छ असते. मोर तिथेही मोरच दिसतो. यंत्रावर काढलेल्या नक्षीच्या मागे लांबच लांब सुटे धागे लोंबतात, किंवा ते कापल्याचे तुरे दिसतात. दुसरं, 'सिल्क मार्क' पाहून निर्धास्त होऊ नका. तो शिक्का रेशीम खरं आहे एवढंच सांगतो, ते कुणी विणलं हे सांगत नाही. विणकामासाठी 'हँडलूम मार्क' वेगळा असतो, 2006 पासून आहे, तो मागा. तिसरं, शक्य असेल तर मागावरची साडी बघूनच मागणी नोंदवा. येवला नाशिकहून दोन तासांवर आहे. लग्नाच्या खरेदीला आपण त्याहून लांब जातो.

कायदा नाही असंही नाही. काही कापडं फक्त हातमागावरच निघावीत म्हणून 1985 साली केंद्राने अधिनियम केला. आज त्या राखीव यादीत 11 प्रकार आहेत आणि नक्षीच्या साडीला त्यात जागा आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळूनही दशक उलटलं. राज्याच्या 2023 च्या वस्त्रोद्योग धोरणात हिमरू, घोंगडी, करवत काटी आणि खणाबरोबर पैठणीचंही नाव आहे. गोंदेश्वराच्या निळ्या फलकासारखाच हाही फलक म्हणायचा. फरक असा की गोंदेश्वराशी पहारेकरी आहे. देशातल्या हातमाग गणनेत 1995-96 साली 65 लाखांहून अधिक कामगार मोजले गेले होते, 2019-20 मध्ये ते 35 लाखांवर आले. पंचवीस वर्षांत जवळपास निम्मे. एखादं देऊळ शंभर वर्षं बंद राहिलं तरी शंभर वर्षांनी दार उघडता येतं. माग मात्र एक पिढी बंद राहिला तर तिल्ली कशी धरायची हे पुन्हा सांगायला कुणी उरत नाही. म्हणून संरक्षण खरं हवं आहे ते इथे. यंत्रमागाच्या मालावर पैठणीची चिठ्ठी लावणाऱ्यांची तपासणी झाली पाहिजे, आणि ती लग्नसराईत, दुकानांच्या गल्ल्यांमध्ये झाली पाहिजे. ग्राहक म्हणून पावतीवर 'हातमाग' हा शब्द लिहून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. तो शब्द लिहायला दुकानदार कचरला की समजून जा.

देवळांबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण कारागीर जगवण्याची एक वाट तिथूनही जाते.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर गावागावाची एकेक कला ठरलेली आहे. मासमध्ये लाकडाचं कोरीवकाम, चेलुकमध्ये सोन्याचांदीचं, बातुबुलानमध्ये दगडाचं. तिथली देवळं ज्वालामुखीच्या मऊ दगडात कोरलेली असतात. पाऊस, शेवाळ यांनी तो लवकर झिजतो, आणि झिजला की पुन्हा कोरावा लागतो. त्यामुळे देऊळ हेच तिथल्या पाथरवटाचं कायमचं गिऱ्हाईक. पर्यटकांसाठी स्वस्त माल तिथेही भरपूर निघतो, पण पर्यटक आले नाहीत तरी देवळाचं काम थांबत नाही, आणि त्या कामावर नवा हात तयार होतो. आपल्याकडेही हेच होतं. काळारामासाठी रामशेजचा दगड आला, तो घडवणाऱ्यांच्या चुली वर्षानुवर्षं त्या कामावर पेटल्या. तांबटाची भट्टी अभिषेकपात्रांवर चालली. देवस्थान हे कारागिरांचं सर्वांत मोठं घर होतं.

ते पुन्हा होऊ शकतं. वणीच्या सप्तशृंगीला अकरा वार साडी लागते, आणि वर्षभर किती भक्त तिला साडी नेसवतात! त्यातली प्रत्येक हातमागाची असावी अशी मागणी मी करत नाही. नवरात्रातली मानाची वस्त्रं तरी येवल्याच्या मागावरची असावीत. जिल्ह्यातल्या देवस्थानांनी ठरवलं की वर्षाला इतकी ताम्हणं, इतके तांबे, इतक्या समया आम्ही नाशकातल्या तांबटाकडून करून घेऊ, तर त्या बोळात दुसरं दार उघडेल. मोठी रक्कम लागत नाही. आगाऊ मागणी लागते, जी पाहून एखादा तरुण म्हणेल, हे शिकायला हरकत नाही.

आणि सिंहस्थ दारात आहे. 2026 च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण, 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं. गोदेच्या काठी लाखो माणसं येतील आणि प्रत्येकाला परतताना नदीचं पाणी न्यायचं असेल. ते प्लास्टिकच्या कॅनमधून जाणार की गंगाजळीतून? महापालिकेने, प्रशासनाने, आखाड्यांनी, घाटावरच्या व्यापाऱ्यांनी आजच हे मनावर घ्यावं. सगळ्यांना तांब्याची गंगाजळी परवडणार नाही. पण शंभरातल्या एकाने जरी हाताने घडवलेली घेतली, तरी त्या ठोक्यांनी तांबट लेन भरून जाईल. घाटावर कारागिरांना हक्काच्या बसायच्या जागा द्या, लोकांसमोर भांडं मठारू द्या. गाईडच्या तोंडी नारोशंकराच्या घंटेनंतर तांबट लेनचं नाव येऊ द्या. शाळांनी सहली काढाव्यात, सकाळी तांबट लेन, मग गोंदेश्वर, मग येवला. एका दिवसात होतं, आम्ही करून पाहिलंय.

आणि घरात जे आहे ते मोडीत घालू नका. माळ्यावरचा आजीचा हंडा वजनावर विकला की हाती येतात ते तांब्याचे पैसे. मठारण्याची किंमत मोडवाला देत नाही. तो खाली काढा, चेपला असेल तर ठोकून घ्या, कल्हई करून घ्या. दुरुस्तीचं कामही कामच आहे, आणि दोन नव्या भांड्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत तेच कारागिराला तगवतं.

भाचीने येवल्याहून निघण्याआधी साडी नोंदवली. जांभळी, पोपटी काठाची. अंगावर फार बुट्ट्या नकोत, पण पदर हाताचाच, असं तिने स्वतः सांगितलं. अर्धे पैसे तिथेच दिले. मुहूर्ताआधी होईल का, अशी माझी धाकधूक. विणकराने बोटांवर आठवडे मोजले, बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली. "दिवाळी झाली की एकदा येऊन जा, ताई," तो भाचीला म्हणाला. "पदर सुरू होईल तेव्हा. पहिली ओळ तुमच्यासमोर लावतो."

आम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी जाणार आहोत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. आधी तांबट लेनमध्ये माझी घागर द्यायची आहे, तिचं बूड गळतंय. ते दार सकाळी साडेआठला उघडतं. तुमचीही काही भांडी असतील तर घेऊन या.